तिसरा उद्गार

शलाकाची बॅग मी भरली नव्हती, तिच्या बाबांनी भरली. जन्मात स्वतःच्या रुमालाची घडी न घातलेल्या माणसाने गुड फ्रायडेच्या सकाळी लेकीचे ड्रेस एकावर एक नीट रचले, चेन लावली आणि बॅग दाराशी आणून ठेवली. मी ओट्यापाशी उभी राहून ते बघत होते आणि अंगाची नुसती लाही लाही होत होती.

"उपासना संपली की जयदेव तिथूनच घेऊन जाईल तिला," दिनानाथ म्हणाले. "मी शब्द दिलाय त्याला."

"आणि तिच्या कानाचं काय?"

"पाळकसाहेबांसमोर गुडघे टेकून रडला तो, कुंदा."

"मागच्या वेळीही रडला होता. रडण्यात पटाईत आहे तुमचा जावई."

ते बॅगेची चेन पुन्हा तपासू लागले. चर्चला निघायच्या दिवशी भांडायचं नाही, असा त्यांचा नियम. माझा असा काही नियम नाही, पण शलाका आंघोळ करून बाहेर आली आणि मी तोंड मिटलं.

गुड फ्रायडेच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारी संध्याकाळी ती उल्हासनगरहून एकटीच आमच्या बदलापूरच्या घरी आली होती, डाव्या कानाला ओढणी दाबून. डॉक्टरांनी तपासलं आणि सांगितलं की फटक्याने पडदा फाटलाय, त्या कानाने परत ऐकू येईल की नाही ते आत्ता सांगता येणार नाही. त्याआधी मनगट झालं होतं, त्याच्याही आधी ओठ. उल्हासनगरच्या कॅम्प तीनमध्ये तिचं घर, खाली जीन्स शिवायचा कारखाना. दिवसभर मशीनची घरघर चालू असते, वर कोणी किंचाळलं तरी खाली कळत नाही.

दिनानाथ वाईट माणूस नाहीत, हे सांगायला हवं. तरुणपणी अंबरनाथच्या एका कारखान्यात प्रेस मशीनखाली त्यांच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली. हॉस्पिटलच्या खाटेवर आपल्याला देव भेटला असं ते सांगतात, आणि ते खोटं नाही. दारू सुटली, शिव्या सुटल्या, माणूस पार बदलला. तेव्हापासून कोणाचं काही दुखलं की अंगठा आणि करंगळी उरलेला तो हात ते वर करतात आणि म्हणतात, "देव दुखवतो ते घडवण्यासाठी. आपला वधस्तंभ आपण उचलायचा." त्या हाताने कितीतरी जणांना धीर दिलाय. माझी आई गेली तेव्हा मलाही दिला होता.

पण शलाका तो हात बघतच वाढली. मी आठवडाभर तिच्या मागे लागले होते, जाऊ नकोस म्हणून. ती शांतपणे म्हणाली, "आई, माझ्या सोसण्यातून त्याचं मन वळेल. बाबांचं नाही का वळलं?" तिला थांबवू शकेल असा जगात एकच माणूस होता, आणि तो तिची बॅग भरत होता.

आमच्याकडे गुड फ्रायडेला दुपारी बारा ते तीन उपासना असते. येशू वधस्तंभावरून जे सात उद्गार बोलला, त्यांवर मंडळीतली सात माणसं बोलतात. कोणी कोणत्या उद्गारावर बोलायचं ते आधी चिठ्ठ्या टाकून ठरतं. यंदा यांना तिसरा आला. खिळलेल्या अवस्थेत येशू आपल्या आईला आणि लाडक्या शिष्याला खाली उभं असलेलं बघतो, आणि शिष्याला सांगतो की आता ही तुझी आई. यांची तयारी आठवडाभर माझ्या कानांवर आदळत होती. "मरीया वधस्तंभाखाली उभी राहिली. ओरडली नाही, पळाली नाही. सोसणाऱ्या बाईच्या हातून देव मोठं काम करून घेतो." मी भाकरी थापत होते आणि सगळा राग पिठावर काढत होते.

अंबरनाथला पोचलो तेव्हा आमचं चर्च भरलं होतं. वेदीवर फुलं नव्हती, नुसतं काळं कापड. शलाका बाकाच्या डाव्या कडेला, वाटेशेजारी बसली. मी तिच्या उजवीकडे, माझ्या पलीकडे दिनानाथ. बॅग माझ्या पायांशी होती. मी ती टाचेने मागे, जाईल तितकी बाकाखाली ढकलली. त्याने काही होणार नव्हतं, पण बरं वाटलं.

समोर कीबोर्डवर जयदेव. पांढराशुभ्र शर्ट, केस नीट बसवलेले. आनंदनगरच्या कंपनीत सुपरवायझर आणि चर्चमध्ये कॉयरचा कर्ताधर्ता, त्यामुळे मंडळीतल्या बायकांना फार कौतुक. मलाही होतं, कशाला नाही म्हणू? मीच तर हे स्थळ उचलून धरलं होतं.

पहिला उद्गार क्षमेचा. बोलणाऱ्या बाई आमच्या बाकाकडे बघूनच बोलतायत असं मला वाटत राहिलं. दुसरा झाला. मग गीत झालं. दिनानाथ कागद घेऊन उठले, व्यासपीठाकडे चालू लागले. आता हे बोलणार, आणि शलाका ते मान डोलावून ऐकणार, आणि तीन वाजता बॅग उचलणार.

तेवढ्यात जयदेव कीबोर्डवरून उठला आणि वाटेने आमच्याकडे आला. "शलाका," तो हळूच म्हणाला. ती बाबांकडे बघत होती. तो तिच्या डाव्या बाजूला उभा होता, तिला काय ऐकू येणार? "शलाका, पुढे ये ना, कॉयरमध्ये मुली कमी आहेत." मी काही बोलायच्या आत त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला.

शलाकाने दोन्ही हात डोक्यावर घेतले आणि ती गुडघ्यांवर वाकली. गीतांचं पुस्तक फरशीवर आपटलं.

"सॉरी, सॉरी," ती म्हणत होती. "परत नाही करणार. सॉरी."

शेवटच्या बाकापर्यंत सगळ्यांनी ऐकलं. जयदेवने हात मागे घेतला आणि आजूबाजूला बघून हसला. "अगं, सीन काय करतेस यार? नुसतं बोलवायला आलो होतो." मी तिला जवळ ओढलं. त्याला तिथल्या तिथे ओरबाडावं असं मला वाटलं, चर्च असो की काही असो. माझ्या हातात लेक होती म्हणून वाचला.

दिनानाथ व्यासपीठावर उभे होते. त्यांनी सगळं पाहिलं होतं.

"सुरू करा, दिनानाथराव," पाळकसाहेब हळू आवाजात म्हणाले.

त्यांनी शास्त्रपाठ वाचला. आई, शिष्य, वधस्तंभावरचे ते बोल. शेवटची ओळ आली, की त्या घटकेपासून शिष्याने तिला आपल्या घरी नेलं, आणि ते अडकले. तीच ओळ त्यांनी पुन्हा वाचली. मग भाषणाचे कागद घडी करून खिशात ठेवले. मला वाटलं, आता हे रडतील आणि खाली येतील. दोन्ही झालं नाही.

"मी आज वेगळं बोलणार होतो," ते म्हणाले. "माझी बोटं गेली, त्यातून देवाने मला घडवलं. ते खरं आहे, मरेपर्यंत सांगेन. पण ती माझी बोटं होती. माझ्या बोटांचा हिशोब मी माझ्या मुलीच्या कानाला लावला." त्यांनी समोरच्या उघड्या शास्त्रावर हात ठेवला. "इथे बघा. हातापायांत खिळे आहेत, श्वास घेता येत नाही, आणि याला काळजी कसली, तर आईच्या डोक्यावरच्या छपराची. आई, तूही सोस, असं तो म्हणाला नाही. स्वतः सोसलं ते आपणहून, आपल्यासाठी. आणि तिला? तिला घरी ने म्हणाला."

"पप्पा," जयदेव वाटेतच उभा होता. "हे घरातलं मॅटर आहे. इथे कशाला?"

"माझ्या घरातलंच आहे, म्हणून बोलतोय. तिच्या कानाचा पडदा तुझ्या हाताने फाटलाय. मी तुला शब्द दिला होता, तो परत घेतो. या सगळ्यांसमोर घेतो."

पाळकसाहेब उठून उभे राहिले. "दिनानाथराव, नंतर बसून बोलू. अजून चार उद्गार व्हायचेत."

"ते तुम्ही ऐका, साहेब. मला हा तिसरा पाळायचाय."

ते खाली उतरले. आमच्या चर्चमध्ये तीन वाजायच्या आत गुड फ्रायडेची उपासना सोडून कोणी जात नाही, चक्कर आली तरी बाकावरच आडवं होतं. ते जयदेवच्या बाजूने पुढे आले, वाकून बाकाखालची बॅग डाव्या हाताने ओढून काढली आणि उजवा हात शलाकापुढे धरला. ती त्या हाताकडे बघत राहिली. मग नवऱ्याकडे बघितलं. "शलाका, विचार कर हां," तो म्हणाला, यावेळी मोठ्याने. आता मी ओढून नेली असती तर ती उद्या परत गेली असती, हे मला पक्कं ठाऊक होतं.

तिने बाबांचा अंगठा आणि करंगळी मुठीत धरली, लहानपणी धरायची तशी, आणि उठली.

बाहेर ऊन रणरणत होतं. रिक्षा मिळाली. शलाका आत सरकून पार उजव्या कडेला बसली, दांडीला टेकून. मी तिच्याशेजारी बसले. दिनानाथ चढलेच नाहीत. दाराशी वाकले, माझ्या अंगावरून पुढे झुकून म्हणाले, "माझं चुकलं, बाळा. मी तुला चुकीचं शिकवलं."

ती समोर बघत राहिली. त्यांचा चेहरा पडला. त्यांना वाटलं, हिने माफ केलं नाही.

"त्या कानाने ऐकू येत नाही तिला," मी म्हटलं.

त्यांनी बॅग माझ्या मांडीवर ठेवली आणि रिक्षाला वळसा घालून रस्त्याच्या बाजूला गेले. मागून हॉर्न वाजायला लागले, एक टेम्पोवाला काहीतरी ओरडला. ते दांडीला धरून तिच्या उजव्या कानाशी वाकले आणि पहिल्यापासून सगळं परत म्हणाले.