कानसेनांचा जबडा

पियानो सुरात लावून देणाऱ्या त्या गृहस्थांना सगळे कानसेन म्हणत. माणूस कामाला पक्का आणि स्वभावाने किरकिरा. शेजारच्यांचा फ्रिज कुठल्या सुरात गुरगुरतो हे ते भिंतीपलीकडून सांगत, आणि कोणी विचारलेलं नसताना सांगत. अशा माणसाला आपण बहिरे होतोय असं वाटायला लागलं, तर त्याची काय गत होत असेल?

झालं ते असं. शनिवारी संगीतशाळेच्या मुलांचा कार्यक्रम व्हायचा होता. त्याआधी सोमवारी कानसेन सभागृहातल्या पियानोच्या तारा पिळायला बसले, तर मधल्या पट्ट्यांपाशी त्यांना एक बारीक गुणगुण ऐकू यायला लागली. आत माशी अडकावी तशी. पट्टी सोडली तरी ती थांबेना. त्यांनी झाकण काढलं, पुढची फळी काढली, शेवटी आतली सगळी यंत्रणाच बाहेर ओढली. अठ्ठ्याऐंशी हातोड्या चादरीवर ओळीने मांडून एकेक स्क्रू तपासला. त्यात बुधवार उजाडला. संध्याकाळी सगळं परत जागच्या जागी बसवलं आणि तार पिळायला घेतली, तर गुणगुण हजर.

शाळेच्या संगीतशिक्षिका शेजारीच उभ्या होत्या.

"बाई, येतंय ना ऐकू?"

"मला तर काहीच येत नाही हो. छान वाजतोय की!"

कानसेनांचा हात उजव्या कानापुढे गेला. महिनाभर तिथे ठणका होता आणि त्यांनी तो कोणाला सांगितला नव्हता. आता गुणगुण पियानोत नाही म्हणजे ती कानात. आणि कान गेला तर मागे राहतं काय? नुसता किरकिरा म्हातारा.

"शनिवारपुरतं निभावेल," ते हत्यारं पिशवीत भरत म्हणाले. "पुढच्या वेळेला मात्र दुसरा माणूस बघा."

बायकोला त्यांनी यातलं अवाक्षर सांगितलं नाही. गुरुवारी सकाळी तारा आणायला जातो अशी थाप मारली आणि गाठले ते कानाचे डॉक्टर. डॉक्टरांनी त्यांना बंद खोलीत बसवून बारीकबारीक आवाज ऐकवले आणि कागद पुढे केला.

"कान ठणठणीत आहेत. माझ्यापेक्षा बरे. ठणका जबड्याच्या सांध्याचा दिसतो. तुम्ही वरच्या मजल्यावर दातांच्या डॉक्टरांना दाखवा."

कानासाठी आलेल्या माणसाला दातांकडे धाडायचं म्हणजे थट्टाच की! कानसेन धुसफुसत जिना चढले.

दातांची डॉक्टर त्यांच्या मुलीच्या वयाची होती. तिने दोन्ही गालांवर बोटं दाबली आणि मग तोंडात दिवा मारून बघितलं.

"काका, दाढा घासून सपाट झाल्यात. दिवसा दात आवळून धरता का?"

"छे! मी काय दातओठ खात फिरतो?"

"आत्ता आवळलेत."

कानसेनांनी चाचपून पाहिलं. खरंच आवळले होते.

"रागानेच आवळले जातात असं नाही," ती हसत म्हणाली. "मन लावून काम करणाऱ्यांचं होतं असं, त्यांच्या नकळत. खरं तर घास चावताना आणि घोट गिळताना सोडलं, तर दातांना दात लावायचं काही कारणच नाही. ओठ मिटलेले, दात सुटे, जीभ वरच्या दातांच्या मागे अलगद टेकलेली. एवढंच जपायचं."

ते दिवसभर लक्षात कसं राहणार? म्हणून तिने चिकटवायच्या हिरव्या ठिपक्यांचा एक कागद दिला. ठिपका दिसला की जबडा सैल सोडायचा. कानसेनांनी मान डोलावली, पण गुणगुणीचं काही विचारलं नाही. तिचा दातांशी संबंध नाही म्हणाली असती तर?

संध्याकाळपर्यंत आरशावर, फ्रिजवर, चष्म्याच्या डबीवर ठिपके उमटले.

"अहो, घराला हिरवा गोवर आलाय का?" बायकोने विचारलं.

तेव्हा मात्र त्यांचा बांध फुटला. ठणका, गुणगुण, खोटं बोलून गाठलेला डॉक्टर, सगळं त्यांनी सांगून टाकलं. बायको आधी हसली, मग भडकली.

"तीस वर्षं बघतेय मी. तार पिळायला घेतली की तुमचा जबडा आधी पिळला जातो. मला वाटलं, कामाची रीतच असेल ती! आणि एकटेच घाबरत बसलात? मी काय मेले होते?" मग जरा थांबून म्हणाली, "उद्या मी येते बरोबर. दात आवळलेत की मी माझ्या गालाला बोट लावेन."

शुक्रवारी ती सभागृहात पहिल्या रांगेत बसली. कानसेनांनी पट्टी दाबली, तार पिळायला चावी लावली, आणि गुणगुण सुरू झाली. चावीच्या मुठीवर हिरवा ठिपका होता. त्यांनी जबडा सोडला.

गुणगुण थांबली.

त्यांचा विश्वास बसेना. मुद्दाम दात आवळले, तर आली. सोडले, तर गेली. असं त्यांनी सात-आठ वेळा केलं. पियानोचा स्वर तेवढा स्वच्छ वाजत राहिला.

तेवढ्यात बाई आत आल्या. "तुम्ही म्हणालात म्हणून एक-दोघांकडे चौकशी केलीय मी. दुसरा माणूस—"

"नका बघू," कानसेन म्हणाले. "पियानोला काही झालंच नव्हतं. आवाज माझ्याच जबड्याचा होता."

"म्हणजे तीन दिवस तुम्ही धडधाकट पियानो उघडून बसला होतात?"

"हो."

बाई खो खो हसायला लागल्या. कानसेनही हसले, आणि हसता हसता त्यांना रडू यायला लागलं. परक्या बाईसमोर रडायचं कसं, म्हणून त्यांनी दात घट्ट आवळून धरले. समोर बायकोने गालाला बोट लावलं.

त्यांनी दात सोडले. मग अडवायला काही उरलंच नाही. कानसेन पियानोवर हात टेकून लहान मुलासारखे रडले, आणि बायको रुमाल घेऊन उठली.