ऐंशी जीबीचा चोर

सकाळी अकरा वाजता संगणकाच्या पडद्यावर सूचना आली: व्हर्च्युअल मेमरी संपत आली आहे. धाकटीने नुकतंच 'सेव्ह' दाबलं होतं. ते अडकलं.

फाइलीत बाबांचा आवाज होता. बारा वाजता त्यांचं स्वरयंत्र काढणार होते. काल रुग्णालयात दाखल होण्याआधी ते माइकसमोर बसले आणि रोजच्या हाका, शिव्या, "दिवा घालवा रे" सगळं बोलून गेले. खोकला कापून मगच सेव्ह करू, असं धाकटीने ठरवलं. तेवढंच चुकलं.

दादा धावत आला. चालू प्रोग्रामांची यादी उघडून त्याने बोट ठेवलं. "हा बघ चोर! तुझं रेकॉर्डिंग. ऐंशी जीबी! मशीनमध्ये आठच आहेत. बंद कर."

"हात लावू नकोस, दादा."

"अगं, आकडा धडधडीत दिसतोय!"

"तो व्हर्च्युअलचा रकाना आहे. खुर्च्यांवर रुमाल टाकून जागा धरतात ना, तसं. रुमाल ऐंशी, माणसं दोन-चार. पलीकडचा कमिटचा बघ. जागा खरी कोणी अडवलीय ते तिथे कळतं."

कमिटची मर्यादा सोळा होती आणि सोळाही भरत आले होते. रेकॉर्डिंगकडे दोन. त्याच्या वरच्या ओळीत अकरा.

"अकरा कोणाचे?"

दादाने बोट मागे घेतलं. तो त्याचा गेम होता.

"मी बंद केला होता."

"नुसता खाली सरकवला होतास. आंघोळीचा टॉवेल सरकवतोस तसा."

"टोमणे नंतर मार!" त्याने गेम बंद केला. माउसचा बाण जागचा हलेना. मग यादीतून गेमची ओळ गेली, कमिट पाचावर उतरलं आणि सेव्हची हिरवी पट्टी पुढे सरकली.

फोन वाजला. आई होती. "यांना आत नेतायत. आवाज ठेवला का, बाबा विचारतायत."

धाकटीने पट्टीकडे पाहिलं. एकसष्ट टक्के. पट्टी थांबली होती.

"सांग, ठेवतेय."

"ठेवतेय म्हणजे?"

पडद्यावर नवी चौकट आली: प्रोग्राम प्रतिसाद देत नाही. थांबायचं की बंद करायचं?

दादाने दोन्ही हात मागे बांधले. धाकटीने 'थांबा' दाबलं.

साडेअकराला डिस्कचा दिवा लुकलुकत होता, म्हणजे आत अजून काहीतरी लिहिलं जात होतं. पट्टी एकसष्टवरच होती.