चाकापुरती जागा

लष्कराने विमानतळ सोडला आणि तिथे प्रवासी विमानं सुरू झाली, तेव्हा जुन्या माणसांपैकी एकट्या ठोकळेमामांना ठेवून घेतलं. उभ्या विमानाच्या चाकांना लाकडी ठोकळे लावायचे आणि निघताना काढायचे, यात त्यांचा जन्म गेला. त्यांचं खरं नाव काय ते बायकोलाच ठाऊक, आणि तिला जाऊनही वर्षं लोटली होती.

लष्करात एक रीत होती. ज्याने ठोकळे काढले, त्यानेच ते खांद्यावर घेऊन विमान परत येईपर्यंत थांबायचं. तोवर ठोकळे जमिनीला टेकवायचे नाहीत. आता लाकडाचे ठोकळे कोण पळवणार होतं? पण रीत म्हणजे रीत. मामा जेवायलाही हलत नसत.

पहिल्याच प्रवासी विमानात मामांची एकुलती एक लेक होती, नवऱ्याकडे कायमची परदेशी निघालेली. मामांनी ठोकळे काढले, अंगठा वर केला. खिडकीतून तिने हात हलवला. बघता बघता विमान ढगात शिरलं.

सगळीकडे सामसूम झाली. बऱ्याच वेळाने नवा साहेब गाडी घेऊन आला.

"मामा, अजून इथेच? चला, चहा घेऊ."

"विमान उतरू दे, मग येतो."

"अहो, ते आता इकडे कशाला येतंय? उद्या दुसरं येईल."

मामा ओशाळून हसले. "मेली सवय. तुम्ही व्हा पुढे."

साहेब गेल्यावर त्यांनी ठोकळे खांद्यावरून उतरवले आणि जमिनीवर ठेवले, मधे एका चाकापुरती जागा सोडून.