धुलाईघरातली पेटी

संसर्गाच्या वॉर्डात मोबाईलला रेंज नव्हती आणि भेटायला आत कुणाला सोडत नव्हते. वायरमनची बायको तिथेच दाखल होती. जन्मभर त्याने लोकांच्या ऑफिसांत नेटवर्कच्या वायरी ओढल्या होत्या. मोठ्या डॉक्टरीणबाईंना त्याने गळ घातली, "वॉर्डापर्यंत एक लाइन नेऊ द्या मला." त्या हो म्हणाल्या.

मुख्य इमारतीपासून वॉर्ड लांब होता. शंभरेक मीटरच्या पुढे त्या वायरीत दम उरत नाही, म्हणून मध्ये एक छोटी पेटी बसवावी लागते. थकलेला सिग्नल ती पुढे ढकलते. पेटीला वीज लागते, आणि वाटेत वीज होती ती फक्त धुलाईघरात. इस्त्रीच्या टेबलामागे त्याने ती बसवली. वॉर्डातल्या टॅबलेटवर चित्र उमटलं, तेव्हा काचेपलीकडे बायको हसली.

मुलीशी तिचं दोन वर्षं बोलणं नव्हतं. मुलगी नवऱ्याला सोडून आली तेव्हा आई म्हणाली होती, "थोडं जुळवून घेतलं असतंस तर?" मुलीने बॅग उचलली ती थेट दुसरं शहर गाठलं. तेव्हापासून दोघींचे निरोप बापच पोचवायचा, तेही गोड करून.

संध्याकाळी फोन लागला. काचेतून त्याला अर्धंमुर्धं ऐकू येत होतं.

"जेवतेस का गं वेळेवर?"

"ते सोड आई. तुला बरं वाटतंय का?"

"वाटतंय. तेव्हा मी बोलले ना तुला..."

"बोललीस. फार लागलं मला ते."

"अगं, मला..."

चित्र गोठलं आणि गेलं.

"ठेवला तिने," बायको म्हणाली. "अजून राग गेला नाही."

"लाइन गेली असेल गं!" म्हणत तो धावला. धुलाईघराला कुलूप होतं. काम आटोपून, मेन स्विच बंद करून तिथल्या इस्त्रीवाल्या मावशी घरी गेल्या होत्या. किल्ली सापडून पेटी चालू होईपर्यंत वॉर्डात धावपळ उडाली होती. बायकोच्या तोंडात नळी होती, डोळे मिटलेले. काचेला तोंड लावून तो सांगत राहिला, "तिने ठेवला नाही गं." उजाडायच्या आत ती गेली.

मुलगी आली. रडली नाही. "आईने फोन कापला," एवढंच म्हणाली.

"लाइन गेली होती, बाळा."

"बाबा, तुम्ही नेहमी सारवासारव करता."

करायचाच तो.

सगळं उरकल्यावर तो तिला धुलाईघरात घेऊन गेला. मावशी चादरींच्या घड्या घालत होत्या. पेटी कशासाठी होती हे ऐकताच त्या हातातली चादर टाकून खाली बसल्या.

"बाई गं, मीच बंद केला खटका. इस्त्री चुकून चालू राहायला नको, म्हणून रोजच करते. मला काय ठाऊक!"

"चूक माझी, मावशी. तुम्हाला सांगायचं राहिलं," तो म्हणाला.

मुलगी मावशींशेजारी बसली आणि त्यांच्या खांद्यावर डोकं टेकून हमसाहमशी रडली. बऱ्याच वेळाने तिने विचारलं, "मी ठेवला नव्हता, हे आईला कळलं का?"

हो म्हणणं सोपं होतं. अगदी ओठांवर आलं होतं.

"सांगितलं मी," तो म्हणाला. "तिला ऐकू गेलं की नाही, माहीत नाही."