गुरम्माची जागा

या, असं जवळ येऊन बसा. शिवकीर्तनात बसता तसं निवांत बसा. लातूरच्या गुरुलिंगअप्पांच्या जुन्या फियाटची गोष्ट सांगतो.

याच गाडीत गुरम्मा नवरी होऊन उदगीरहून आली होती. पोटाच्या कॅन्सरनं अंथरूण धरल्यावर तिनं नवऱ्याकडं एकच मागितलं, "पुन्हा एकदा याच गाडीत तुमच्या शेजारी बसवून मला आपल्या लातूरच्या सिद्धेश्वराला न्या."

गाडी कित्येक वर्षं गोठ्यात गंजत पडलेली. जुन्या गाड्यांच्या नादाची मंडळी नांदेडहून धावून आली. त्यांच्यातल्या अमरेशनं किनवटच्या भंगारातून गिअरबॉक्स शोधला, बजरंगनं इंजिन खोललं. गुरम्मा खिडकीतून चिडवायची, "लई लाड करायलात तिचे. आधी ती निघती का मी, बघू."

अप्पा खाली मान घालून नट आवळत राहायचे.

ज्या सकाळी इंजिन सुरू झालं, त्या सकाळी अप्पा तिला सांगायला आत गेले. तिचा श्वास थांबला होता.

आम्हा लिंगायतांत गेलेल्या माणसाला बसवूनच नेतात आणि बसवूनच माती देतात. भाऊबंदांनी दारात विमान, म्हणजे तिला बसवून न्यायची सजवलेली डोली, बांधलं. अप्पा एवढंच म्हणाले, "तिला माझ्या शेजारी बसायचं होतं." कुणी अडवलं न्हाई. बजरंगनं गाडीचं पुढचं दार उघडलं. कपाळाला भस्म, गळ्यात लिंग, अशी गुरम्मा आपल्या जागेवर बसली. अप्पांनी लांबूनच तिला सिद्धेश्वराचा कळस दाखवला आणि गाडी मातीच्या वाटेला लावली.

तुम्ही सिद्धेश्वराला गेलात, तर हात जोडताना आमच्या गुरम्माची आठवण ठेवा.