दोनशे पन्नास चौकोनांचा खांब

मित्रांनो, शाळेच्या एखाद्या खोलीत भिंतीकडे तोंड करून उभा केलेला फळा तुम्ही पाहिला असेल. तो मी, नाहीतर माझा भाऊ. अंगावर पांढऱ्या तेलरंगाचे चौकोन असलेला, आलेखाचा फळा.

सेनगावच्या सुताराने माझी चौकट ठोकली. भिंतींवर उमेदवारांची नावे रंगवणाऱ्या पेंटरने माझ्यावर चौकोन आखले. दोन्ही कामांना त्याने एकच ब्रश वापरला. मग गोरेगावजवळच्या या हायस्कुलात मी बावीस वर्षे काढली. माझ्यावर लोकसंख्या वाढली, पाऊस घटला, सोयाबीनचे भाव चढले आणि कोसळले. तपासणीला येणारे साहेब "वा, छान फळा" म्हणत आणि चहाला जात. पुढे वर्गात मोठा टीव्ही आला आणि मी खेळाच्या खोलीत, तुटक्या लेझिमांमागे गेलो. तिथे उंदीर होते. त्यांना आलेखात रस नव्हता.

मला बाहेर काढले सपना मॅडमनी. त्या दहावीला राज्यशास्त्र शिकवत, तासिका तत्त्वावर. म्हणजे दर वर्षी संस्थेच्या अध्यक्षांची सही झाली तरच नोकरी पुढे. यंदाची सही अजून व्हायची होती. आणि नेमका तेव्हाच मॅडमनी मुलांना प्रकल्प दिला होता : आपल्या भागातल्या चार उमेदवारांनी जिल्हा परिषदेच्या निवडणुकीत किती खर्च दाखवला ते शोधा आणि त्याचा आलेख काढा.

"हा हिशेब उमेदवाराला सरकारात द्यावा लागतो. त्याची नक्कल मागणं हा गुन्हा नाही," मॅडम म्हणाल्या.

मुलांनी अर्ज केला, हिंगोलीला दोन खेपा घातल्या आणि नकला आणल्या. रुद्र नावाचा मुलगा एका पानावर अडकला.

"मॅडम, सगळ्या प्रचारात तीनशेच चहा? आमच्या आजीच्या तेराव्याला याच्याहून जास्त झाले व्हते."

"मनाचं काही घालायचं नाही. कागदावर आहे तेवढंच काढायचं."

त्या चौघांतले निवडून आले ते रामजीअण्णा. आणि संस्थेचे अध्यक्षही रामजीअण्णाच. तुम्हाला आता घाम फुटला असेल. मलाही फुटला होता. लाकडाला फुटतो तेवढा.

शनिवारी वर्गातली प्रतिक्षा माझ्यावर आलेखाचे खांब भरत होती. एक चौकोन म्हणजे दहा हजार रुपये. वरच्या बाजूला कायद्याच्या मर्यादेची लाल रेघ. तीन खांब झाले, आणि हेडसर धापा टाकत आले.

"मॅडम, अण्णा गेटातून येऊन राहिले! पुसा ते!"

"सर, एकच खांब राहिलाय."

"तोच तर त्यांचा हाय! तुमची ऑर्डर व्हायची हाय अजून. काहून सोताच्या पोटावर पाय देता?"

मॅडमनी डस्टर उचलले आणि माझ्या छातीवर टेकवले. बाहेर अण्णांच्या चपला वाजू लागल्या. पंचेचाळीस मुले दाराकडे पाहू लागली. प्रतिक्षा खडू धरून तशीच उभी.

मग डस्टर माझ्यावरून उचलले गेले आणि टेबलावर जाऊन पडले.

"काढ," मॅडम म्हणाल्या.

प्रतिक्षाने चौदा चौकोन भरले. चौदावा भरताना अण्णा दारात होते.

वर्ग उभा राहिला. अण्णांनी चष्मा लावला आणि मला वरपासून खालपर्यंत पाहिले.

"हे सगळ्यात बुटकं कोन हाय?"

हेडसरांनी डोळे मिटून घेतले.

"तुमी, अण्णा," प्रतिक्षा म्हणाली.

"अन् हा बाजूचा?"

"ज्यांचं डिपॉझिट गेलं ते. त्यांचे एकोणीस, तुमचे चौदा."

अण्णा लालबुंद झाले. मॅडमनी टेबलाची कड घट्ट धरली.

"मी त्या पोराच्या खाली? अगं लेकरा, नुस्त्या जीपाच चाळीस व्हत्या माह्या! आठ गावांत जेवणं घातली! पंचवीस लाखाला एक रुपया कमी न्हाई!"

प्रतिक्षाने मनात भागाकार केला.

"मग दोनशे पन्नास चौकोन होतात, अण्णा. फळ्यावर चाळीसच हायेत. बाकीचा खांब पत्र्याच्या वर जाईन. कोनता काढू, कागदावरचा का तुमी सांगितला तो?"

अण्णांची नजर लाल रेघेवर गेली. मग पंचेचाळीस तोंडांवर गेली. त्या तोंडांना शाळा सुटल्यावर आपापल्या घरी जायचे होते.

"चौदाच राहू दे," ते हळूच म्हणाले आणि चहा न घेता गेले. बावीस वर्षांत चहा न घेता गेलेला हा पहिला पाहुणा.

त्यानंतर चार दिवस ऑर्डर आली नाही. मॅडम रोज जीपने येत, ऑफिसात डोकावत आणि काही न विचारता वर्गावर जात. पाचव्या दिवशी कागद आला. सही होती. गावात एवढी चर्चा झाल्यावर ती न करणे अण्णांनाच महाग पडले असते. फक्त विषय बदलला होता. राज्यशास्त्राऐवजी चित्रकला.

मित्रांनो, माझे मागणे फार नाही. मला ओल्या फडक्याने पुसू नका, चौकोन उडतात. आणि कोणी "पुसा, पुसा" करत धावत आले, तर हातातला खांब आधी पुरा करा; पुसायला काय, नंतरही येते.

चित्रकलेचा पहिला तास आजच झाला. मॅडमनी मुलांना उभे आयत काढायला सांगितले. शेजारी शेजारी, मोजून चार. उंची मात्र प्रमाणात.