टिंबानंतरची तीन अक्षरं

लालासाहेबांनी घडी उलगडली तसा कागद टेबलावरून ओघळत पार जमिनीला टेकला. दोन्ही कडांना भोकं असलेला, हिरव्या पट्ट्यांचा इतका लांब कागद त्यांनी पहिल्यांदाच पाहिला होता.

कोयनानगरच्या भूकंपमापन खोलीत ते अकरा वर्षं निरीक्षक होते. त्याआधी लष्करात सिग्नलला. जमीन हलली की सुई कागदावर रेघ ओढायची आणि ते वेळ वाचून वहीत लिहायचे. आता पुण्याच्या कचेरीनं त्या वह्या संगणकात घातल्या होत्या आणि पडताळणीसाठी नूरजहां मुलाणीला पाठवलं होतं. मूळची कोरेगावची, पंचविशीतली मुलगी. घाटातल्या एस.टी.नं तिचा चेहरा अजून उतरलेलाच होता.

पहिल्या पानावर नुसती फायलींची नावं होती. लालासाहेबांनी चष्मा सावरला.

"हे कोयना त्र्याहत्तर, फुडं टिंब, मग डी ए टी. ही शेपूट कशाची, बाई?"

"आत काय आहे ते कळायला, काका. डी ए टी म्हणजे तुमच्या नोंदी. एफ ओ आर असलं तर तो प्रोग्रॅम, हिशेब करणारा. नाव तेच असलं तरी काम वेगळं."

"आमच्या पलटणीतबी दोन तात्याबा हुते. एक ड्रायव्हर, एक सैपाक करनारा लांगरी. नुसतं तात्याबा म्हणून भागायचं न्हाई."

ती हसली. लालासाहेबांचं बोट मात्र खाली सरकत गेलं. बाहत्तर, डी ए टी. त्र्याहत्तर, डी ए टी. चौऱ्याहत्तर दोनदा होतं.

"आन् हे बी ए के?"

"जुनी प्रत." नूरजहांनं वही त्यांच्यापुढं सरकवली. "दुरुस्ती केली की यंत्र आधीचं तसंच बाजूला ठेवतं. वाचायला घेऊया?"

ते वाचू लागले. वहीतली तारीख, वेळ ते उच्चारत, ती कागदावर पेन्सिलीनं खूण करी. दुपारपर्यंत चौऱ्याहत्तरचा मे आला.

"चौदा मे. अकरा वाजून..."

त्यांनी वेळ सांगायच्या आधीच तिच्या पुढच्या चारही ओळींवर खुणा झाल्या होत्या.

लालासाहेब थांबले. त्यांनी कागद हलकेच आपल्याकडं वळवला. वहीत अकरा वीस होते, कागदावर पाच पन्नास. पंधरा, सोळा, सतरा. चारही दिवस बरोबर साडेपाच तासांचा फरक. नोंद ग्रीनविचच्या वेळेनं करायची असते, हे त्यांनीच कितीजणांना शिकवलं होतं. त्या चार दिवसांत त्यांची बायको चंद्राबाई कराडच्या दवाखान्यात होती. रात्र तिच्या उशाशी काढून ते पहिल्या गाडीनं कामावर यायचे. मनगटावरच्या, भारतीय वेळेच्या घड्याळात बघून वेळ लिहिली गेली असणार.

"तुमी दुरुस्त केलं?"

"दुसऱ्या केंद्रांवर तेच धक्के होते. त्यावरून कळलं." ती खाली बघत म्हणाली. "पुण्याच्या साहेबांना सांगितलं असतं तर त्यांनी सगळीच वही बाद धरली असती. अकरा वर्षांत तुमची दुसरी चूक नाही, काका."

लालासाहेबांनी वहीतल्या त्या चार ओळींवरून बोट फिरवलं. अक्षर नेहमीसारखंच सरळ होतं.

"ती जुनी प्रत ऱ्हाती का कायमची?"

"नाही. फायलीत पुन्हा काही बदललं की ती जाते. तिच्या जागी नवी येते."

"मग जायच्या आदी ती कागदावर छापून घ्या. ह्या गठ्ठ्याला लावा."

"साहेब विचारतील."

"इचारू द्या. मी हाय की हितं."

त्यांनी लाल शाईचं पेन उघडलं आणि समासात सावकाश लिहिलं : 'चौदा ते सतरा मे, वेळ मनगटी घड्याळाची. चूक माझी.' खाली सही केली, आजची तारीख घातली. शाई वाळेपर्यंत वही उघडीच ठेवली.

नूरजहांनं त्या चार ओळींवरच्या आपल्या खुणा खोडल्या, आकडे पुन्हा एकेक बोट ठेवून जुळवले आणि नव्यानं खुणा केल्या.

"अठरा मे," ती म्हणाली. "वाचा, काका."